टाईल्स लागण्याआधी शॉवरच्या धारेचं बघा

जुनं बाथरूम फोडण्याआधी एक मोजमाप घेऊन ठेवा. शॉवरचं डोकं फिरवून काढा, भिंतीतून आलेल्या उघड्या दांडीखाली 10 लिटरची बादली धरा आणि मोबाईलवर वेळ लावा. बादली मिनिटभरात भरली तर पाईप ठीक आहे. तरीही शॉवरची धार बारीक येत असेल तर डोक्याच्या भोकांत क्षार बसलेत, ते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी जुन्या ब्रशनं घासा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत बहुतेकदा एवढ्यानंच काम होतं. दोन मिनिटं किंवा जास्त लागली तर अडथळा मागे आहे.

आता तीच बादली खालच्या नळाला लावा. नळ खाली असल्यानं त्याला थोडी जोराची धार येणारच, पण फरक दुपटीचा असेल तर डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह, चोंदलाय. दोन्हीकडे धार बारीक असेल तर गच्चीवर जा. टाकीच्या आउटलेटला जुना गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून उघडायचा) असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या. त्याच्या आतली चकती दांड्यापासून सुटून खाली बसते. चाक फिरत राहतं, व्हॉल्व्ह उघडला असं वाटतं आणि पाणी चकतीच्या फटीतून येत राहतं. तो काढून फुल बोअरचा, म्हणजे आतलं भोक पाईपएवढंच असलेला, बॉल व्हॉल्व्ह बसवा. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की टाकीच्या तळाला गाळ साचतो. आउटलेट तळापासून दोन-तीन इंच वर ठेवा आणि टाकी धुण्यासाठी वेगळं ड्रेन काढा.

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत भिंतीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप असतील तर ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. असा पाईप कापून बघा. आत गंजाच्या गाठी धरलेल्या दिसतील आणि अर्ध्या इंचाच्या पाईपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली असेल.

नव्या लाईनमध्ये सगळ्यात जास्त फरक पडतो तो पाईपच्या मापानं. अर्ध्या इंची सीपीव्हीसी या प्लास्टिक पाईपचं आतलं भोक 12 मिमीच्या आसपास असतं, पाऊण इंचीचं 18 मिमी. म्हणजे पाण्याची वाट दुपटीहून मोठी. वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकीतलं पाणी यांत जेमतेम 2 ते 3 मीटर उंची मिळते. 10 मीटरला 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब, या हिशेबानं तुमच्या हातात फक्त 0.2 ते 0.3 किलो आहे. तो पाईपातच घालवून चालत नाही. म्हणून टाकीपासून एक इंची, बाथरूमच्या भिंतीपर्यंत पाऊण इंची आणि शेवटच्या जोडालाच अर्धा इंची करा. एल्बो, म्हणजे पाईप वळवायचे कोपरे, जितके कमी तितकं बरं. जोड चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट पातळ लावा. जास्त लावलं तर आत त्याची कडी जमते आणि वाट पुन्हा अरुंद होते.

टाकीतून निघालेला पाईप कठड्यावरून चढून मग खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यात हवा अडकते. धार थांबून थांबून फसफसत येते ती यामुळेच. व्हॉल्व्हच्या पुढे, त्या उंचवट्यावर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक हवेचा पाईप उभा करा. तो भरलेल्या टाकीच्या पातळीपेक्षा फूटभर उंच ठेवा आणि त्याचं तोंड खाली वळवा.

एवढ्या कमी दाबावर 12 इंची रेन शॉवर घेऊ नका. पाणी भोकांतून नुसतं गळतं. 4 ते 6 इंची, कमी दाबावर चालणारा शॉवर निवडा. टाकी मीटरभर उचलली तर फक्त 0.1 किलो मिळतो आणि 1000 लिटर म्हणजे एक टन वजन, स्लॅब इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ते करू नये.

मोठाच शॉवर हवा असेल तर प्रेशर पंप लागेल. एका बाथरूमला अर्धा एचपी पुरतो. तो टाकीच्या आउटलेटला, पावसापासून आडोशाला बसवा. महापालिकेच्या लाईनला कधीही जोडू नका. फ्लो स्विचचा पंप सुरू व्हायला आधी थोडी धार लागते, धार फारच बारीक असेल तर दाब उतरला की सुरू होणारा प्रेशर स्विचचा घ्या. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घालून पंपाला वळसा देणारा बायपास पाईप ठेवला की लाईट गेली तरी पाणी येतं. सोलर वॉटर हीटर असेल तर इथे नेमकी चूक होते. फक्त गार पाण्याला पंप लावला की गार-गरम एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाईनमध्ये घुसतं आणि शॉवरला गरम पाणी येत नाही. दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा. साध्या सोलर टाकीच्या इनलेटला मात्र पंप लावू नका, टाकी फुगून फुटते. पंप तिच्या आउटलेटला लावा. गिझर असेल तर त्याच्या पट्टीवर लिहिलेला कमाल दाब पंपाच्या दाबाशी ताडून पाहा.

जोड केल्यावर 24 तास थांबा. मग सगळ्या तोंडांना प्लग लावून लाईन तपासायच्या हातपंपानं 7 ते 8 किलो दाब द्या आणि त्याच्या दाबमापकाचा काटा दोन तास बघा. काटा उतरला तर टाईल्सवाल्याला थांबवा. शॉवर बसवण्याआधी दोन्ही लाईन पाच मिनिटं उघड्या सोडा. पाईप कापताना पडलेला भुगा आणि वाळू त्या पाण्याबरोबर निघून जाते, नाहीतर पहिल्याच दिवशी ती नव्या डायव्हर्टरच्या जाळीत अडकते.