बिली जीन किंग कप फॉलो कसा करायचा: प्लेअर नाही, टाय बघा

ग्रँड स्लॅम बघणारी मंडळी एखाद्या वर्षी हौसेने बिली जीन किंग कप, म्हणजे बायकांच्या टेनिसची देश विरुद्ध देश स्पर्धा, लावतात, आपली आवडती प्लेअर जिंकली की खुश होऊन झोपतात, आणि सकाळी उठून बघतात तर तिचा देश बाहेर. अरे पण ती तर जिंकली होती ना! हो, जिंकली होती, पण तो नुसता एक पॉइंट होता. मी पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं असंच करायचो. नंतर कळलं की ही स्पर्धा बघायची पद्धतच वेगळी आहे, म्हणून जे काय शिकलो ते ओळीने सांगतो.

१) आधी नावाचा घोळ मिटवा

जुने व्हिडिओ, जुने रेकॉर्ड शोधायला जाल तर एकाच स्पर्धेची तीन नावं भेटतील. १९६३ मधे लंडनच्या क्वीन्स क्लबवर सुरू झाली तेव्हा फेडरेशन कप, १६ देश, फायनलला अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला २-१ हरवलं आणि त्या अमेरिकन टीममधे स्वतः बिली जीन होती, जिच्या नावाने आता हा कप आहे ती. १९९५ पासून फेड कप. २०२० पासून बिली जीन किंग कप. त्यामुळे २०१५ ची मॅच हवी असेल तर सर्चमधे फेड कप टाका, नाहीतर काही हाती लागणार नाही. (आणि फेड म्हणजे फेडरर नव्हे, हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय.)

दोन शब्द पाठ करून टाका. दोन देशांमधली पूर्ण लढत म्हणजे टाय, आणि त्या टायमधली एकेक मॅच म्हणजे रबर. कॉमेंट्रीत हे दोन शब्द सारखे येतात. टायचा निकाल लागल्यावर उरलेली मॅच खेळवली तर ती डेड रबर, तिला चहा करायला उठलात तरी चालतंय.

२) कॅलेंडर

एप्रिलमधे क्वालिफायर (फायनल्सला पोचायची लढत), नोव्हेंबरमधे प्लेऑफ (खाली घसरायचं नसेल तर जिंकायची लढत), आणि फायनल्स, म्हणजे पोचलेले देश एका शहरात जमून कपसाठी खेळतात तो शेवटचा टप्पा, पूर्वी नोव्हेंबरमधे असायची ती २०२५ पासून सप्टेंबरमधे, म्हणजे यूएस ओपन संपल्या संपल्या. शिवाय खालच्या लेव्हलचे रिजनल ग्रुप वेगळे, आशिया-ओशनिया, अमेरिका, युरोप-आफ्रिका असे, ज्यात बरेच देश एका गावात जमून आठवडाभर एकमेकांशी खेळतात. तुमचा देश कुठल्या पायरीवर आहे ते एकदा बघून ठेवा म्हणजे कुठला आठवडा मोकळा ठेवायचा ते कळेल.

फॉरमॅटवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तो सारखा बदलतो. २०२३ ला फायनल्समधे १२ देश आणि तीन-तीनचे चार ग्रुप, २०२४ ला १२ च देश पण थेट नॉकआउट, २०२५ ला शेन्झेनमधे फक्त ८. दरवर्षी सुरुवातीला पाच मिनिटं काढून नवीन नियम वाचायचे, दुसरा इलाज नाही.

आणि वेळ! वेळापत्रकात लिहिलेली वेळ बहुतेकदा जिथे मॅच आहे तिथली असते. मी एकदा अख्खी सेमीफायनल चुकवलीय, अलार्म बरोबर लावला होता, फक्त तो दुसऱ्या देशाच्या घड्याळाप्रमाणे लावला होता. दुसरं म्हणजे टायमधे फक्त पहिल्या मॅचची वेळ पक्की असते, पुढची मॅच आधीची संपली की, त्यामुळे डबल्स नक्की किती वाजता हे कुणीच सांगू शकत नाही.

३) टायचं गणित, सगळा खेळ इथेच आहे

फायनल्समधे एका टायमधे तीन मॅच: दोन सिंगल्स, एक डबल्स. आधी दोन्ही टीमच्या दोन नंबरच्या प्लेअर एकमेकींशी, मग दोन्ही एक नंबर, आणि १-१ झालं तर डबल्स. कॅप्टनला सिंगल्ससाठी कुठल्याही दोघी निवडता येतात पण त्यातली एक नंबर कोण आणि दोन नंबर कोण हे रँकिंगवरून ठरतं, म्हणजे आपली तगडी प्लेअर मुद्दाम खाली सरकवून समोरच्या कच्च्या लिंबूवर सोडता येत नाही.

आता विचार करा, तुमच्याकडे जगातली एक नंबर आहे, ती तिची सिंगल्स जिंकणार असं धरून चालू. तरी झाला एकच पॉइंट. दुसरा आणायचा कुठून? एकतर दोन नंबरच्या पोरीकडून, नाहीतर डबल्समधून. म्हणून टायआधी मी स्टारकडे बघतच नाही, आधी बघतो दोन नंबर कोण आणि डबल्सला कोण.

मालागा २०२४ ची सेमीफायनल, पोलंड विरुद्ध इटली. पोलंडकडे त्यांची स्टार इगा श्वियाँतेक. पहिल्या मॅचला इटलीच्या लुचिया ब्रॉन्झेटीने माग्दा लिनेटला हरवलं, मग इगाने जास्मिन पाओलिनीला तीन सेटमधे हरवून १-१ केलं. इथे बऱ्याच लोकांनी पोलंड फायनलला म्हणून धरलं असणार. पण डबल्सला इटलीकडून उतरल्या सारा एरानी आणि तीच पाओलिनी, दोघी त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकचं डबल्स गोल्ड घेऊन आलेल्या, आणि समोर इगा आणि कातार्झिना कावा. ७-५, ७-५ इटली. इगाने त्या दिवशी जेवढं करता येईल तेवढं केलं, तरी टाय गेली. इटलीने मग तो कप जिंकला आणि २०२५ ला परत जिंकला, आणि २०२५ च्या सेमीफायनललाही युक्रेनशी १-१ झाल्यावर हीच जोडी उतरली आणि टाय काढून आली.

दोन नंबरचं उदाहरण हवं असेल तर कॅनडा २०२३. सेव्हिलला फायनलमधे पहिली मॅच खेळायला १८ वर्षांची मरिना स्टाकुसिच, जिची रँक २५० च्याही बाहेर, आणि तिने इटलीच्या मार्टिना त्रेविझानला सरळ दोन सेटमधे घालवलं. मग लेला फर्नांडेझने दुसरा पॉइंट घेतला, डबल्सची गरजच पडली नाही, कॅनडाचा पहिला कप.

होम-अवे टाय असेल, म्हणजे एक देश दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळतो तसली, तर पाच रबर आणि दोन दिवस. २०२४ च्या होम-अवे टायमधे क्रम असा होता: पहिल्या दिवशी दोन सिंगल्स, दुसऱ्या दिवशी समोरच्या प्लेअरची उलटापालट करून परत दोन सिंगल्स (आधी एक नंबर विरुद्ध एक नंबर), आणि २-२ झालं तर डबल्स. तिघी जिंकायला लागतात असं नाही, पण तीन पॉइंट लागतात, आणि एकटी बाई सिंगल्समधून जास्तीत जास्त दोन आणू शकते. २०१५ च्या फायनलला प्रागमधे रशियाच्या शारापोव्हाने दोन्ही सिंगल्स जिंकल्या, चेकच्या क्विटोव्हाला सुद्धा हरवलं, आणि तरी कप चेक रिपब्लिकने घेतला, डबल्सवर, ३-२.

४) टीममधे कोण आलंय, कोण नाही

टीममधे पाच जणींपर्यंत नावं असतात. नाव दिसत नाही म्हणजे लगेच देशप्रेम कमी असं समजून चिडू नका. या स्पर्धेचे रँकिंग पॉइंट मिळत नाहीत, कॅलेंडर खच्चून भरलेलं, त्यात एप्रिलमधे बहुतेक जणी हार्ड कोर्टवरून क्लेकडे निघालेल्या असतात आणि मधेच यजमान देश म्हणतो या इकडे, आमच्याकडे इनडोअर हार्ड आहे. होम-अवेमधे कोर्ट कुठलं ते यजमान ठरवतो, आणि तो पाहुण्यांना जे आवडत नाही तेच अंथरणार हे उघड आहे. उलट एखादी कधी न येणारी स्टार अचानक आली तर ऑलिंपिक किती लांब आहे ते बघा, कारण ऑलिंपिक खेळायचं तर या स्पर्धेसाठी ठराविक वेळा हजर असावं लागतं.

लिस्ट बघताना मी एक करतो, नावापुढे सिंगल्स रँक आणि डबल्स रँक दोन्ही लिहितो. टीममधे एखादी अशी सापडते की जिची सिंगल्स रँक दिसतच नाही पण डबल्सला टॉपला, ती तुमची टाय काढणारी.

५) मॅचच्या आधीचा तास

फायनल्समधे लाइनअप टायच्या साधारण तासभर आधी जाहीर होतो. होम-अवेमधे आदल्या दिवशी ड्रॉ काढतात पण दुसऱ्या दिवशी कॅप्टन प्लेअर बदलू शकतो, आणि डबल्सची जोडी तर जवळजवळ नेहमीच बदलते, म्हणून आदल्या दिवशीची डबल्सची नावं मनावर घेऊ नका.

यावरून पर्थ २०१९ सांगायलाच पाहिजे, फेड कप नावाने झालेली शेवटची फायनल. ऑस्ट्रेलिया विरुद्ध फ्रान्स. पहिल्या दिवशी ॲश बार्टीने कॅरोलिन गार्सियाला ६-०, ६-० धुतलं. अख्ख्या मॅचमधे एक गेम नाही! मी तिथेच गार्सियाच्या नावावर काट मारली. दुसऱ्या दिवशी क्रिस्टिना म्लादेनोविचने बार्टीला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमधे हरवलं, तेव्हा बार्टी जगात एक नंबर होती. चौथ्या मॅचला फ्रान्सचा कॅप्टन ज्युलियां बेनेतोने गार्सियाला बसवून पोलिन पारमाँतिये उतरवली, ती हरली, २-२. आणि डबल्सला परत कोण आली, तर गार्सिया, म्लादेनोविचबरोबर, समोर बार्टी आणि सॅम स्टोसर. ६-४, ६-३ फ्रान्स. चोवीस तास आधी जी एक गेम घेऊ शकली नाही तिच्याच रॅकेटने कप आला. म्हणून सांगतो, या स्पर्धेत कुणाच्या नावावर काट मारायची घाई करू नका.

६) बघायचं कुठे

प्रत्येक देशात हक्क वेगळ्या चॅनलकडे असतात आणि वर्षागणिक बदलतात, त्यामुळे स्पर्धेच्या ऑफिशियल वेबसाइटवर तुमच्या देशाचं नाव टाकून बघणं सगळ्यात सोपं. काहीच मिळालं नाही तर लाइव्ह स्कोअर तिथेच फुकट असतो. नुसत्या स्कोअरवर टाय फॉलो करायची पण मजा आहे, फक्त एकाच मॅचचं पान उघडून बसू नका, टायचं पान उघडा ज्यात वर १-१, २-१ दिसतं. कोण सर्व्ह करतंय तो ठिपका बघायची सवय लावा, ५-४ आहे म्हणजे पुढे असलेली सर्व्ह करतेय की मागे असलेली, यात जमीन-अस्मानाचा फरक.

७) मॅच चालू असताना बेंच बघा

एरवी टेनिसमधे साइड बदलताना प्लेअर एकटी खुर्चीत बसते, टॉवेल तोंडावर, केळं खाते. इथे शेजारी कॅप्टन बसलेला असतो आणि तो बोलू शकतो. ब्रेक गेल्यावर, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम हरल्यावर, कॅप्टन काय करतो ते बघा. काही जण हातवारे करून नकाशा काढतात, काही पाणी देऊन गप्प बसतात, आणि एखादी प्लेअर कॅप्टनकडे न बघता समोर बघत नुसती मान हलवत असेल तर समजायचं की आतमधे काही पोचत नाहीये. मागे टीमच्या बाकी पोरी उभ्या असतात, त्यातली एखादी मधेच उठून आत गेली आणि थोड्या वेळाने केस बांधून, बॅग घेऊन फिरताना दिसली तर डबल्ससाठी वॉर्मअप चालू झालाय. म्हणजे चालू मॅच जाणार असं टीमने मनात धरून ठेवलंय, निदान तयारी तरी ठेवलीय. टीव्हीवाले हे क्वचितच दाखवतात, दाखवलं की लक्ष द्या.

८) प्रत्यक्ष जाणार असाल तर

इथला आवाज विम्बल्डनसारखा नसतो. ढोल, घंटा, ट्रंपेट, अख्खे गट एका रंगात, गाणी. पण पॉइंट चालू असताना मात्र चिडीचूप, आणि पहिली सर्व्हिस चुकली की टाळ्या वाजवणं हे वाईटच दिसतं, अंपायर मग माईकवर समज देतात. ओरडायचं ते पॉइंट संपल्यावर, पोटभर. तिकीट घेताना ते एका टायचं आहे, एका सेशनचं आहे की दिवसाचं, नीट वाचा. टाय १५-१५ मिनिटांच्या मॅचनी संपत नाही, तीन रबर पूर्ण झाले तर सहा-सात तास सहज जातात, पाठीला काहीतरी घेऊन जा. २०१६ च्या फायनलला एकट्या प्लिश्कोव्हा-म्लादेनोविच मॅचचा शेवटचा सेट १६-१४ गेला होता.

९) टाय संपली, मग?

हरलेला देश लगेच गायब होत नाही. क्वालिफायर हरला की नोव्हेंबरच्या प्लेऑफला, तिथे पण हरला की खाली रिजनल ग्रुपमधे, आणि मग वर यायला अख्खं वर्ष. मला विचाराल तर प्लेऑफच्या टाय फायनलपेक्षा जास्त टेन्शनच्या असतात आणि बघणारे एकदम कमी. पुढच्या होम-अवे टायचा ड्रॉ निघाला की आधी हे बघा की हे दोन देश मागे भेटले तेव्हा कुणाच्या घरी खेळले होते, साधारण नियम असा की मागच्या वेळी पाहुणा होता तो या वेळी यजमान, आणि कधीच भेटले नसतील तर चिठ्ठी. कोर्ट कोण अंथरणार ते तिथेच कळतं, आणि तुम्हाला बॅग भरायचीय का अलार्म लावायचाय ते पण.