घरात काय येतं, बाहेर काय जातं: आठवडाभराचा हिशेब कसा मांडावा

शहरात पाणी, इंधन, अन्न येतं. सांडपाणी, कचरा, धूर होऊन ते बाहेर पडतं. एबल वोल्मन या अमेरिकी अभियंत्याने १९६५ मध्ये दहा लाख वस्तीच्या एका कल्पित शहराचा असा जमाखर्च मांडला होता. दोन खोल्यांच्या फ्लॅटचाही मांडता येतो. लागेल एक बादली, लिटरची बाटली, हुकचा वजनकाटा, मोबाइल आणि वही. मोजमाप होईपर्यंत पाणी वाचवणारी जाळी, कंपोस्टचा डबा असलं काही विकत आणू नका. गळती बहुधा भलतीकडेच निघते.

१. पाणी. सोसायटीची टाकी सहसा सामाईक असते, घराला वेगळं मीटर नसतं. म्हणून नळ मोजायचे. बाटलीने दहा लिटर ओतून बादलीवर खूण करा. नळ रोज सोडता तेवढाच सोडा आणि खुणेपर्यंत किती वेळ लागतो ते बघा. ५० सेकंद लागले तर मिनिटाला १२ लिटर. म्हणजे वाहत्या नळाखाली दहा मिनिटं भांडी घासली की १२० लिटर गेले. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंडच माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. प्रत्येक नळ वेगळा मोजा. टाकीच्या आणि पालिकेच्या थेट लाइनचा दाब सारखा नसतो.

फ्लश मोजायला संडासातल्या फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा, फ्लश करा आणि बाटलीने मोजून खुणेपर्यंत पाणी भरा. कॉक उघडा असताना वरून नवं पाणीही येत राहतं, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्तच असतो. मग टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. संडासाच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या आतलं रबर गेलंय. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालते. रबर बदलणं हे सगळ्यात स्वस्त काम, ते आधी करा.

आरओच्या (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या) वाया जाणाऱ्या पाण्याची नळी दिवसभर बादलीत सोडा. ते पाणी फरशी आणि संडासाला चालतं. कुंड्यांना रोज घातलं तर मातीत क्षार साठतात.

२. गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. ४० दिवस पुरला तर रोजचे सुमारे ३५५ ग्रॅम. मध्येच बघायचं असेल तर सिलिंडर उभाच ठेवून तोला आणि त्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. रेग्युलेटर काढून, टोपी लावून तोला, नाहीतर त्याचंही वजन गॅसमध्ये धरलं जातं.

३. वीज. फ्रिज, इन्व्हर्टरसकट सगळं बंद वाटेल असं करा, पण मेन स्विच चालू ठेवा. आता मीटरचा लाल दिवा बघा. मीटरवर ३२०० लिहिलं असेल तर इतक्या वेळा लुकलुकल्यावर एक युनिट होतं. ७५ सेकंदांनी एकदा लुकलुकला तर १५ वॅट कुठेतरी जात आहेत, महिन्याला जवळपास ११ युनिट. सेट-टॉप बॉक्स, राउटर, टीव्हीचे प्लग एकेक काढत जा.

४. कचरा. ओला, सुका आणि घातक (औषधं, बॅटऱ्या, ट्यूब) वेगळा ठेवा आणि सात दिवस ठरल्या वेळी तोला. ओला कचरा आधी चाळणीत निथळवा, नाहीतर पाणीच तोललं जातं. इथे एक जास्तीचं भांडं हवंच: उरलेला भात, नासलेली भाजी, शिळी पोळी त्यात. साली-देठं टळत नाहीत, हे टळतं. कंपोस्ट केलं म्हणून फेकलेल्या भाताचे पैसे, गॅस आणि पाणी परत येत नाही. आंबा-कलिंगडाच्या दिवसांत सालींचं वजन फुगतं, तेव्हा मोजायला सुरुवात करू नका.

५. पुन्हा मोजा. आठवड्याच्या शेवटी सगळ्यात मोठा आकडा निवडा, तेवढाच एक बदल करा आणि महिन्याने परत मोजा. चार बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. विजेची तुलना मात्र गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी करा. डिसेंबरात गिझर चालतो, मे महिन्यात कूलर.