कथा लिहिणाऱ्या नव्या मित्रांसाठी

मराठीत केवळ कथा लिहून घर चालवणारा लेखक माझ्या पाहण्यात नाही, आणि मुंबईतील घरभाडे पाहता तो विचार आरंभीच बाजूला ठेवलेला बरा. मात्र नोकरीमुळे लेखन खुंटते, असे मला वाटत नाही. जयंत पवार यांनी वृत्तपत्रातील नोकरी करत गिरणगावातील माणसांच्या कथा लिहिल्या आणि २०१२ साली त्यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तिथून रुजलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेमुळे मराठी कथालेखकाचे वर्ष आजही दिवाळीशी बांधलेले आहे. अंक दिवाळीच्या तोंडावर बाजारात येत असला, तरी संपादकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते; गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी बहुधा पुढच्या वर्षावर जाते. कथा पाठवण्यापूर्वी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी बसून त्या अंकाची मागची काही वर्षे चाळावीत, म्हणजे तिथे कोणत्या प्रकारची आणि साधारण किती लांबीची कथा घेतली जाते, हे कळते. एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांकडे धाडू नये. मानधन बेताचेच असते, काही ठिकाणी तर फक्त अंक हाती पडतो. म्हणून होकार येताच मानधनाचे विचारून घ्यावे, त्यात संकोच कसला?

खरी मेहनत पुनर्लेखनात आहे. परळच्या इस्पितळातून संध्याकाळी सातला सुटलेली परिचारिका बदलापूरच्या घरी आठ वाजता कुकर लावताना दाखवली, तर मुंबईचा वाचक तिथेच थांबतो, कारण नुसत्या लोकललाच तासाहून अधिक वेळ लागतो. मी पात्राची गाडी, पगार, भाडे आणि पाणी येण्याची वेळ वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो. त्या कागदातले फारच थोडे कथेत उतरते, पण अनेकदा प्रसंग तिथूनच सुचतो: सातची ड्युटी आणि साडेआठला बंद होणारे पाळणाघर या दोन नोंदी शेजारी आल्या, की त्या बाईच्या डब्यातल्या उभ्या प्रवासाला आपोआप ताण येतो. चांगला संपादक अशा जागा नेमक्या हेरतो, आणि त्याने समासात काढलेल्या शंका कौतुकाच्या पत्राहून अधिक जपून ठेवाव्यात.

संग्रहाची घाई नसावी. प्रकाशक भेटला, तरी करार लेखी करावा आणि त्यात मुदत, प्रदेश, मानधनाचा दर, तसेच भाषांतर व चित्रपटाचे हक्क यांचा स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते हक्क भारतापुरतेच मानले जातात.