गुमास्ता ऑनलाइन भरताना आधी पाटी बघा

गेल्या महिन्यात दिराच्या टेलरिंगच्या दुकानाचा गुमास्ता, म्हणजे दुकानाची सरकारदरबारी नोंद, मीच घरी बसून भरला. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यापासून हे काम ऑनलाइनच होतं. कमी कामगार असलेल्या लहान दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, नमुना ‘एफ’मध्ये नुसती सूचना द्यायची, धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत. कामगारसंख्येची मर्यादा मात्र अर्ज भराल त्या दिवशी किती आहे ते तपासा.

सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला बसण्याआधी दुकानाच्या पाटीचा फोटो काढा. खरा घोळ इथेच होतो. पाटी देवनागरीत हवी. इतर लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. आमची पाटी इंग्रजीत! पेंटरला बोलावलं, दोन दिवस गेले. पाटीवर जे नाव, तेच अर्जात, काना-मात्रेसकट.

आधार, पॅन, जागेचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र मोबाइलवर स्कॅन करून ठेवा. फाइल मोठी असेल तर अपलोड होत नाही, आधीच लहान करा. ओटीपी मालकाच्या फोनवर येतो, म्हणून भावजींना शेजारीच बसवलं होतं. ते चहाला उठले आणि ओटीपीची मुदत संपली.

पैसे भरले की अर्ज क्रमांक वहीत लिहा. सूचना दिल्याची पावती मिळाली की तिची प्रिंट काढून दुकानात लावा. बँकेत चालू खातं उघडताना तीच मागतात.