इटलीचे पेप्लम चित्रपट कसे पाहावेत

दुसऱ्या महायुद्धानंतर रोममधील स्टुडिओंतून प्राचीन ग्रीस, रोम आणि इजिप्तच्या कथांवरचे जे पोशाखी चित्रपट निघाले, त्यांना समीक्षक ‘पेप्लम’ म्हणतात. त्यांचा खरा बहर १९५८ ते १९६४ या काळातला. इतिहास शिकण्यासाठी ते पाहू नयेत. मात्चिस्ते नावाचा बलदंड नायक एका चित्रपटात इजिप्तमध्ये, तर दुसऱ्यात चीनमधील महाखानाच्या दरबारात पोहोचतो आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नाही.

सुरुवात पिएत्रो फ्रान्चिशी यांच्या १९५८ च्या ‘ले फातिके दी एर्कोले’पासून करावी. शरीरसौष्ठवपटू स्टीव्ह रीव्हज त्यात ग्रीक पुराणकथांतला महाबली हर्क्युलिस (इटालियनमध्ये एर्कोले) झाले आणि त्याच्या अमेरिकेतील यशामुळेच पुढची लाट आली. त्याचे छायाचित्रण मारिओ बावा यांचे आहे. त्यानंतर लगेच बावा यांनीच दिग्दर्शित केलेला १९६१ चा ‘एर्कोले अल चेंत्रो देल्ला तेर्रा’ पाहावा. पाताळाची दृश्ये बघताना नायकाच्या दंडांवरून नजर काढून मागच्या भिंतींकडे न्यावी: मोजक्याच खांबांवर आणि खडकांवर लाल, निळा, हिरवा प्रकाश टाकून, धूर सोडून, त्याच त्या वस्तू निराळ्या कोनांतून दाखवत बावा यांनी अपुऱ्या पैशांतून एक अख्खे जग उभे केले आहे. माझ्या मते या प्रकारातील सर्वांत देखणा चित्रपट हाच. विनोदाची आवड असणाऱ्यांनी दिग्दर्शक कोत्ताफावी यांचा, दंतकथेतल्या बुडालेल्या अटलांटिस बेटावरचा, १९६१ चाच चित्रपट निवडावा. त्यात खाणावळीत हाणामारी पेटली तरी हर्क्युलिस शांतपणे जेवत राहतो.

प्रत निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात. हे चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित झाले होते, त्यामुळे दूरचित्रवाणीसाठी दोन्ही बाजू कापलेली प्रत घेतल्यास निम्मी रचना हरवते. दुसरे म्हणजे अमेरिकी वितरकांनी मात्चिस्तेला कधी सॅमसन, कधी गोलायथ, तर कधी हर्क्युलिस करून टाकले; म्हणून शोध इंग्रजी नावाऐवजी मूळ इटालियन नाव आणि साल यांवरून घ्यावा. आवाज मात्र ओठांशी जुळण्याची अपेक्षा कोणत्याही प्रतीत ठेवू नये, कारण ध्वनी नंतरच भरला जात असे आणि इंग्रजी आवृत्तीतही रीव्हज यांचा आवाज दुसऱ्याचाच आहे.

लाट ओसरतानाचे, १९६४ च्या आसपासचे चित्रपट शेवटी ठेवावेत. तोपर्यंत निर्माते वेस्टर्नकडे, म्हणजे काउबॉयपटांकडे, वळू लागले होते आणि खर्च वाचवण्यासाठी जुन्या चित्रपटांतील लढायांची दृश्ये नव्यांत सर्रास जोडली जात. आधीचे चित्रपट पाहिलेले असतील तर ही उसनवारी चटकन ओळखता येते.