दोन ग्रंथालयांच्या ऑन्टॉलॉजी जोडताना

ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या क्षेत्रातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध संगणकाला समजतील असे मांडणारा आराखडा. दोन्हीकडे 'पुस्तक' हा वर्ग होता, म्हणून मी प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी-संपादकामध्ये ते समतुल्य ठरवले आणि आयएसबीएन (पुस्तकाच्या आवृत्तीचा क्रमांक) जुळला की नोंदी 'दोन्ही एकच वस्तू' असं सांगणाऱ्या 'सेम-अ‍ॅज'ने जोडल्या. हर्मिट रीझनर (व्याख्यांवरून निष्कर्ष काढून विरोध शोधणारा प्रोग्राम) चालवताच सगळी ऑन्टॉलॉजी विसंगत! प्रोटेजेच्या 'एक्सप्लेन' सोयीमध्ये कारण सापडलं: एका पुस्तकाला पाच दाखल क्रमांक (ग्रंथालय प्रत्येक प्रतीला देतं तो), आणि तो गुणधर्म तर फंक्शनल, म्हणजे एकच किंमत चालते. पहिल्या ग्रंथालयाचं 'पुस्तक' म्हणजे आवृत्ती होती, दुसऱ्याचं कपाटातली प्रत. हा भेद इफ्ला या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या १९९८च्या एफआरबीआर या ग्रंथनोंदींच्या आराखड्यात स्पष्ट आहे. तो आधी वाचायला हवा होता.

समतुल्यता आणि 'सेम-अ‍ॅज' दोन्ही काढले. 'आवृत्ती', 'प्रत' असे वेगळे वर्ग केले, प्रत्येक प्रत आपल्या आवृत्तीला जोडली. रीझनर बिनतक्रार चालला. विषयशीर्षकं मात्र 'स्कॉस' या विषयसूचींसाठीच्या मानकातल्या 'क्लोज-मॅच'नेच, म्हणजे 'जवळपास सारखं' एवढंच सांगणाऱ्या दुव्याने जोडली.