ज्युदो सुरू करताय? आधी पडायला शिका

नाशिकमध्ये ज्युदो शिकायला यशवंत व्यायामशाळेसारखी जुनी ठिकाणं आहेत. कुठेही नाव घालण्याआधी एक अख्खा वर्ग बाजूला बसून बघा. नवख्यांकडून पडण्याचा सराव, म्हणजे उकेमी, किती वेळ करून घेतात एवढंच पाहा. त्यावरून शिक्षक कळतो.

पहिले काही दिवस खिसे आणि चेन नसलेला ट्रॅकसूट चालतो. नखं कापलेली हवीत, अंगठी-कडं घरी ठेवा. चपला मॅटच्या कडेपर्यंत घालूनच या. अनवाणी फिरून मॅटवर चढलात तर नायटा सगळ्यांना होऊ शकतो.

मागे पडणं असं शिका. उकिडवे बसा, हात छातीसमोर घ्या, हनुवटी छातीला टेकवून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवा. पाठ गोल करून मागे झुका. पाठ टेकेल त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत मॅटवर आपटा आणि श्वास सोडा. हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर असावेत. खांद्याच्या रेषेत गेले तर खांद्याला हिसका बसतो. घाबरून हात मागे टेकवायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि मनगट किंवा कोपर नेमकं तिथेच मोडतं. सलग १० वेळा डोकं मॅटला लागलं नाही, की मगच उभ्याने पडा.

कुशीवर पडताना एक पाय दुसऱ्यावर टाकू नका, घोटे एकमेकांवर आदळतात.

पहिला डाव बहुधा ओ-गोशी (कमरेवरून टाकणं) किंवा ओ-सोतो-गारी (बाहेरून पाय उडवून मागे पाडणं) असतो. ओ-सोतो-गारीत माणूस सरळ मागे जातो, म्हणून डोक्याला धोका जास्त. टाकणाऱ्याने जोडीदाराची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, वर ओढून धरायची. जोडीदाराच्या दाबात अडकलात तर सोडण्याची खूण म्हणून दोनदा ठळक थाप मारा. हात अडकले असतील तर ओरडा. त्यात कमीपणा अजिबात नाही.

महिनाभर टिकलात की ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घ्या. सुती असल्याने धुतल्यावर आटते, म्हणून थोडी सैल घ्या आणि गार पाण्यातच धुवा. डावी बाजू उजवीवर येते, बाई असो वा पुरुष. नाशिकच्या पावसाळ्यात जाड जॅकेट एका दिवसात वाळत नाही. दमट घालण्यापेक्षा दुसरी जोडी ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत निदान १५ मिनिटं अंग गरम केल्याशिवाय पडू नका.

डोकं आपटलं तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा. चक्कर, उलटी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर लगेच डॉक्टर गाठा.